करपलेलं दूध

३ जून
आज पुन्हा दूध करपलं. मी शेगडीशेजारीच बसलो होतो! आई धावत आली — "नाक काय शोभेला दिलंय? अगदी मामावर गेलायस!" मामावर! पन्नाशीचा, गुळगुळीत गालांचा, एकटा. सगळ्या घराच्या थट्टेचा विषय. ताट भिरकावलं. मग मीच उचललं.

७ जून
कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन. घेतला नाही. वीस वर्षांचा झालो तरी फोनवर लोक मला "ताई" म्हणतात. तिच्यासमोर वर्गातल्या एका टग्याने माझ्या आवाजाची नक्कल केली, मी त्याचा दात पाडला, कॉलेज सुटलं. तिला वाटतं, मी तिच्यावर चिडलोय. दाढी आली की बोलेन, असं सांगू?

८ जून
पडून. कंटाळा.

१२ जून
आईने हार्मोनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कागदावर मेंदू काढला. "हायपोथॅलॅमस वरून हुकूम सोडतो, खाली पिट्युटरी ग्रंथी तो पाळते. टीआरएच थायरॉइडसाठी, जीएचआरएच उंचीसाठी, सीआरएच ताण पेलण्यासाठी. ज्याचा संशय, तो हुकूम बाहेरून टोचून बघायचा. तुझं ते सगळं ठीक आहे. राहिला जीएनआरएच, वयात आणणारा." मग मध्येच — "वास येतो का रे तुला?" म्हटलं, सगळ्यांना येतो तेवढा येत असेल. त्यांनी डोळे मिटायला लावले, नाकाशी काहीतरी धरलं. डोळे उघडले, तर कॉफीची बाटली.

१९ जून
जीएनआरएच टोचलं. मग थोड्या थोड्या वेळाने रक्त. हार्मोनचे आकडे ढिम्म! खुर्ची लाथाडली. बाई शांत — "पिट्युटरीला इतकी वर्षं कुणी हाकच मारली नाही. पहिल्या हाकेला कशी उठेल? काही दिवस रोज टोचू, मग पुन्हा बघू." दंड ठणकतोय.

२८ जून
उठली! आकडे चढले. पिट्युटरी धडधाकट, वरून हुकूमच येत नव्हता. औषधाने आवाज फुटेल, दाढी येईल. वास मात्र कधीच नाही. बाई म्हणाल्या, "हे जन्मापासूनचं. हुकूम सोडणाऱ्या पेशी गर्भात नाकाच्या वाटेनेच मेंदूत जातात, तुझी ती वाटच झाली नाही. कधी कधी आईकडून येतं. तिच्या माहेरी आहे कुणी असं?"
मी पटकन "नाही" म्हणालो. आई खाली बघत होती.

३० जून
मामाकडे गेलो. विचारलं, तुला वास येतो का? तो हसला — "कुणाला सांगू नकोस हं. लोक फूल पुढे करतात, मी नुसती मान डोलावतो." मग म्हणाला — "एकीने स्वतः होऊन लग्नाचं विचारलं होतं रे मला. मीच तोंड चुकवलं."
डॉक्टरीणबाईंकडे मामासाठी वेळ घेतली. जिना उतरता उतरता मैत्रिणीला फोन लावला. याच आवाजात.