तार तुटल्याची खूण

९ जानेवारी १९६९
मानसशास्त्राच्या बेननी, म्हणजे आमच्या बाईंनी, प्रॅक्टिकल दिलं. आपण एक शब्द म्हणायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द लगेच सांगायचा. किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं. माणूस जिथे अडखळतो तिथे त्याच्या मनात काहीतरी अडकलेलं असतं म्हणे. प्रयोगाला घरातलं माणूस हवं, चाळिशीपुढचं.
आमच्या घरी असे एकच. नाना, माझे वडील. दिवसभर कारखान्यात लूमवर, कापडाच्या मागावर, आणि चैत्रात माय गेल्यापासून घरीही तोंडाला कुलूप. "जेवलीस का?" एवढंच. छान माणूस मिळाला प्रयोगाला!

१४ जाने.
उतराण. अख्खं सुरत पतंग घेऊन गच्चीवर, आम्ही दोघं खाली उधन्याच्या खोलीत. तिळाचे लाडू केले, पाक चुकला, दगड झालेत. नानांनी मुकाट्यानं चघळले. मागच्या वर्षी कुणाचा पतंग कापला की माय गच्चीवर सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती, "लपेट! लपेट!" गुजराती तिला तेवढंच यायचं. फार आठवण आली आज.

१९ जाने.
निरोप आला. पुढच्या महिन्यात धुळ्याहून आत्या येतेय, पारोळ्याचं स्थळ घेऊन. म्हणजे पी.यू.ची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, परीक्षा झाली की माझं कॉलेज संपलं. मला बी.ए. करायचंय, मानसशास्त्र घेऊन. नानांना माहीत आहे. पण आत्या थोरली, तिनंच नानांना वाढवलं, तिच्यासमोर त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही. आजवर एकदाही निघालेलं नाही.

२६ जाने.
नानांना सुट्टी. प्रयोग केला. फोटो काढायला बसावं तसे ताठ बसले होते.
पाणी? तापी. भाकरी? कळणा. सुरत? "खटखट" (स्वतःच हसले). आखाजी? झोका (अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे झोके बांधतात). फटाफट चाललं होतं.
मग मी म्हटलं, घर.
घड्याळ चालू. मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं जोडली आणि झटकन फाकवली. तार तुटली.
कारखान्यात लूमच्या आवाजापुढे कोणी बोलत नाही, सगळं खुणांनी. ही खूण म्हणजे धागा तुटला, ती केली की लूम बंद करायचा.
लहानपणी मायबरोबर डबा द्यायला जायचे. माय दारात, नाना आत लूमपाशी, आणि दोघं हातांनी भांडायचे. भाजी खारट झालीय. लवकर या. पोरीला ताप आहे. निघताना मायची खूण ठरलेली, तर्जनी हवेत गोल फिरवायची. म्हणजे, चालू ठेवा. नाना हसायचे. ते हसू मी किती दिवसांत पाहिलं नाही...
पुढचा शब्द विचारलाच नाही. शेवटी नानाच म्हणाले, "सरनं का?" म्हणजे, संपलं का.

३ फेब्रु.
बेनना वही दाखवली. 'घर'पुढे खूण लिहिली होती. "शब्द जोईए, बेटा. इशारो नहीं चाले." दुसरं कोणी माणूस घे म्हणाल्या. मी म्हटलं, "बेन, एमनो जवाब आ ज छे." त्यांचं उत्तर हेच आहे. मुली फिदीफिदी हसल्या. बेननी वही परत सरकवली. "लख त्यारे. मार्क कपाशे."
कापू देत.
येताना नानांसाठी पोंक, ज्वारीचा हुरडा, घेतला. मायला आवडायचा. आम्ही दोघांनी संपवला.

१६ फेब्रु.
आत्या आली. टेकली नाही तोच सुरू. "माय नही पोरले. शिकीसन काय करी ती? आखाजीले ती लोके येतीन. हाव म्हन."
नाना जमिनीकडे बघत. मी चहा घेऊन दारात. राहवलं नाही, म्हटलं, "माले बी.ए. करनं शे."
"तुले कोन इचारं?" मग नानांकडे वळून, "बोल ना भाऊ, तुना मनमा काय शे?"
माझं लक्ष त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे गेलं. तर्जनी गोल फिरत होती. थांबली. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि ती परत फिरली.
आत्या म्हणाली, "काय, माशी शे का?"
मला हसू आणि रडू एकदमच आलं. कप खाली ठेवून मोरीत जाऊन तोंड धुतलं. मायनंतर ही खूण कोणी केली नव्हती.

१८ फेब्रु.
आत्याला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणते, नाही म्हणाला नाहीस, म्हणजे हो धरते, आखाजीला त्यांना घेऊनच येते. नानांनी तोंड उघडलं. गाडी सुटली.
परतताना विचारलं, "नाना, आत्याला सांगाल ना?"
"सांगसू." केव्हा, ते नाही बोलले.

१९ फेब्रु.
सकाळी नाना कारखान्यात निघाले. मी दारात उभी राहिले, माय राहायची तशी, आणि तर्जनी फिरवली. नाना वळून बघत राहिले. मग हसले. तेच हसू. मान हलवली आणि गेले.
आज वाचायला बसले, पण पानावर मन नाही. आखाजीला आत्या येईल. तिला खुणा येत नाहीत. तिला शब्दच लागेल.