दोन डब्या

१९ नोव्हेंबर

नकार! परतूरच्या पाहुण्यांचा. फोन दादाला आला, पण मला सांगायला त्याची जीभ रेटेना, म्हणून त्यानं शीतलवहिनीला पुढं केलं. ती मेथी निवडता निवडता मान खाली घालूनच म्हणाली, "ताई, मनाला लावून घेऊ नका. सावळी चालली असती म्हणले. पण रंग सगळीकडं एकसारखा पाहिजे होता."

एकसारखा! मी काय पडद्याचं कापड आहे? पण खोटं तरी कसं म्हणू. कपाळ एका रंगाचं, गाल दुसऱ्या रंगाचे, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना वांग, कुणी तव्याचा हात पुसावा तसे. त्यात थंडी पडली की कातडीचे पापुद्रे निघतात. सळईच्या कारखान्यात वजनकाट्याच्या खिडकीत बसते मी. दिवसभर समोर भंगाराचे ट्रक आणि धूळ. संध्याकाळी तोंड धुतलं की बेसिनमध्ये काळं पाणी. घरी गच्चीवरची चादर झटकली तरी काळंच उडतं. भट्ट्यांची राख सगळ्या गावावर पडते आणि वांग मात्र मलाच!

आई जेवणं झाल्यावर मिश्रीची डबी घेऊन दाराशी बसली. बोट दातांवरून फिरवता फिरवता एकदम म्हणाली, "मपला रंग आला तुला, बेबे. दुसरं काय." मग थुंकायला उठली. तिला काहीतरी बरं बोलायला हवं होतं. नाही बोलले. राग आला होता.

२३ नोव्हेंबर

कातडीच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. त्यांनी भिंगातून पाहिलं. म्हणाले, "रात्री सौम्य फेसवॉश, तोंड ओलसर असतानाच हे साधं मलम, आणि झोपायचं. दिवसा उन्हाचं क्रीम आणि तोंडाला रुमाल. बस." मी म्हटलं, "डॉक्टर, जरा जालीम काहीतरी द्या ना." तर म्हणतात, "जालीम दिलं तर आधी कातडी जाईल, मग डाग जातील." कोरडेपणा आधी कमी होणार, डाग सावकाश. तीन-चार महिने धीर धरा!

त्यांना काय जातंय धीर धरायला. मलमाला वासही नाही. वास नाही त्या औषधावर विश्वास कसा बसायचा?

२ डिसेंबर

मोबाइलवर बघत बसले. आधी तेलानं पुसा, मग धुवा, मग सीरम, मग दुसरं सीरम, मग मलम, मग त्या मलमावर अजून एक मलम. एवढं होईस्तोवर कारखान्याचा भोंगा वाजायचा! एक पोरगी सांगते, प्रदूषणाच्या शहरात राहणाऱ्यांनी रात्री अमुक लावलंच पाहिजे. तिच्यामागं खिडकीत हिरवीगार झाडं. म्हणावं बाई, एकदा आमच्या एमआयडीसीत चक्कर मारून जा.

आईचं तिसरंच. साय लाव, मसुराचं पीठ लाव, कोरफड लाव. काल तर दुधावरची साय बोटांवर घेऊन आली आणि माझ्या गालाला चोळायला लागली. तिची बोटं म्हणजे नुसत्या भेगा. मी ओरडले, "आई, टोचतंय! ओरखडे निघतील." तिनं हात पदराखाली घेतला.

११ डिसेंबर

मलम लावतेय डॉक्टरांचं. पापुद्रे जरा कमी. वांग ठाण मांडून बसलेत.

१८ डिसेंबर

पार्लरवाल्या एकताकडं गेल्ते. तिनं ड्रॉवरमधून एक डबी काढली. पांढरी, सोनेरी झाकणाची. वर नाव नाही, गाव नाही. म्हणाली, "दीदी, डॉक्टर लोक फिरवत राहतात. ही बिलकुल बराबर काम करते. फक्त रात्री लावायची, उजेडात न्हाई. जल्दी फरक पडतो." यात काय आहे विचारलं तर हसून म्हणते, "फॉर्म्युला!"

वास किती छान. गुलाबाचा. डॉक्टरांची ट्यूब कपाटात मागं सारली. काहीतरी एक निवडायचं होतं, निवडलं.

२७ डिसेंबर

फरक!! खरंच फरक! गालावरचे डाग फिकट झालेत. वजनकाट्यावरच्या ड्रायव्हरलोकांनाही कळलं असावं, उगीच "मॅडम, मॅडम" करत होते. घरी आईनं मला उजेडात उभं केलं, हनुवटी वर करून पाहिलं आणि कानशिलावर बोटं मोडली. मग म्हणाली, "लई पातळ लावतीस तू. जरा बराबर लावत जा." मी म्हटलं, वाटाण्याएवढीच घ्यायची असते. तिला ते काही पटलं नाही.

९ जानेवारी

झोपेत डबीचं झाकण वाजलेलं ऐकू येतं. आईची मिश्री! दिवसा पुरत नाही म्हणून आता रात्रीही सुरू. सकाळी म्हटलं, "आई, सगळे दात पडतील." नुसती हसली. परवा झोपेत गालावर काहीतरी फिरलं, मी दणकन चापट मारली. आई जागीच होती. म्हणाली, "डास व्हता. झोप तू."

चेहरा सकाळी अजून तुकतुकीत असतो. रात्रभर मुरत असणार.

२ फेब्रुवारी

डबी संपली. एवढ्यात? मी तर जपून जपून लावते! घरात बाया तीन. आई मिश्रीवाली, तिला क्रीमचं नावही घेता येत नाही. राहिली कोण?

वहिनीला सरळ विचारलं. ती रडायलाच लागली. "ताई, लेकराची आन, म्या हात न्हाई लावला." दादा चिडला माझ्यावर. चिडू दे. नवीन डबी आणलीय, ती आता माझ्या उशाशी राहील. बघतेच कोण नेतं.

२१ फेब्रुवारी

भोकरदनचे लोक बघून गेले. मुलगा शांत वाटला. त्याच्या आईनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, पण कळवतो म्हणाले.

पाहुण्यांना वाटेला लावायला आई फाटकापर्यंत अनवाणी गेली. मी रागावले, काय म्हणतील लोक! तर म्हणाली, "चप्पल बसंना गं पायात." पाय सुजलेत.

६ मार्च

आईचे डोळे सकाळी सुजून बारीक झालेले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं पाणी जायच्या गोळ्या दिल्या. लघवीला फेस येतो म्हणाली. कधीपासून? "झाले बरेच दिस." सांगायचं नाही का! "तुपलं जमून राह्यलं व्हतं, मधी मपलं कामून?"

१९ मार्च

संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात आणलं. किडनीतून प्रथिनं वाहून चाललीत म्हणे. का ते कळत नाही. डॉक्टर छापील प्रश्न विचारत होते. साखर? बीपी? दुखण्याच्या गोळ्या? वैद्याचं भस्म? मग "क्रीम वगैरे" म्हणाले, आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिनं तोंड उघडायच्या आत स्वतःच "नाही" लिहून मोकळे झाले.

मी तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं नाही.

वहिनी आईजवळ राहणार. मला सुट्टी नाही, मी आणि दादा घरी.

२ एप्रिल

आईला सोडलं! सूज बरीच उतरली. चालत आली.

आणि एक गोष्ट. वहिनी तिकडं होती तेवढे दिवस डबी माझ्या वाटाण्यापलीकडं हललीसुद्धा नाही. म्हणजे चोर सापडला! लेकराची आन घेते आणि लावते. आईचं केलंय तिनं म्हणून गप्प बसले.

२४ एप्रिल

होकार!!! भोकरदनचा. साखरपुडा मे अखेर. आई हातात हात घेऊन बसली होती माझा. म्हणाली, "एकसारखी झाली मपली पोर." तिला परतूरवाल्यांचा शब्द अजून आठवतो.

पण तिचे पाय पुन्हा भरलेत. दवाखान्यात बरी होती, घरी आली की सूज. वहिनी म्हणते, घरचं पाणीच बाधतंय.

५ मे

पुन्हा संभाजीनगर. या वेळी नवीन डॉक्टरीणबाई. त्यांनी काही वेगळ्या तपासण्या मागवल्या होत्या. आईच्या रक्तात पारा निघाला. पारा! मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या माझ्याच तोंडाकडं बघत होत्या. "घरात कोणी बिननावाची, गोरं व्हायची क्रीम लावतं का?" मी म्हटलं, मी लावते. आई नाही.

"आजारी तर त्या आहेत," बाई म्हणाल्या. "त्वचेतून जातो, तोंडावाटे गेला तर अजून वाईट. आधीच समजलं असतं तर आधी ती बंद केली असती."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मार्चमध्ये वहिनी घरी नव्हती, तशी आईही नव्हती! आठवण झाली आणि डोकं फिरलं माझं. वॉर्डात जाऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "चोरून लावत होतीस ना? या वयात गोरं होऊन कुणाला दाखवायचंय तुला?"

ती म्हणाली, "म्या तोंडाला न्हाई लावलं गं. खंडोबाची आन."

"खोटं बोलू नको."

"मला कामून पाहिजे गोरेपण," असं म्हणाली. मग उठायला बघायला लागली. "तू रक्त दाखव. बेबे, आधी तुपलं रक्त दाखव." मला वाटलं, विषय बदलतेय. बाजूच्या खाटेवरची बाई ऐकत होती. मी निघून आले बाहेर.

८ मे

माझा रिपोर्ट आला. माझ्यातही पारा आहे, पण किडनीला थोडंच लागलंय. क्रीम बंद केली तर निवळेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. डबी त्यांच्याकडंच तपासायला दिली. आईला दादानं सांगितलं, तर तिनं छताकडं बघून हात जोडले.

वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई." तिनं एवढ्या लवकर जाऊ द्यायला नको होतं.

आईशी अजून नीट बोलले नाही. या बाईनं आयुष्यभर काळं म्हणवून घेतलं आणि म्हातारपणी माझ्या डबीत बोट घातलं, याचा राग यावा की रडू, तेच समजत नाही. उद्या बोलेन. उद्या तिच्यासाठी ज्वारीच्या पातळ कण्या करून नेणार आहे. तेवढंच तिला गिळवतं.

९ मे

गेली. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली म्हणाले. कण्या डब्यातच राहिल्या.

१० मे

आईला आंघोळ घातली. मी, वहिनी आणि शेजारच्या उषाबाई. चेहरा तसाच होता तिचा. काळा, सुरकुतलेला. त्याला कधी काही लागलंच नव्हतं. उषाबाईंनी पाणी घालायला तिचा उजवा हात उचलला आणि थांबल्या. "बया! बोटं बघा की सोनूबाईची. गोरीपान झालीत." फक्त बोटंच. भेगासुद्धा मऊ पडलेल्या.

मला लावायची ती. टोचतंय म्हणाले होते म्हणून मी झोपल्यावर लावायची. आणि मग त्याच बोटानं मिश्री.

तो डास नव्हता.