शेवटचा नंबर हुकला त्याची हकीकत

चिरंजीव धाकट्यास,

(छप्पन्नाव्या वर्षी तुला चिरंजीव म्हणावं का, असं क्षणभर वाटलं. पण तू बास्केटबॉल लीगचा अध्यक्ष झालास म्हणून काही माझ्यापेक्षा मोठा झाला नाहीस.) थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? मी बरी आहे. म्हणजे रक्तदाब, डावा खांदा आणि आमच्या संघाच्या ऑफिसातली ओल एवढं सोडलं तर बरीच. खाजगी पत्र ऑफिसच्या कागदावर लिहिते आहे, त्याबद्दल माफ कर. शाळेतल्या सिस्टरनी पाहिलं असतं तर तळहात पुढे करायला सांगितला असता.

शनिवारी तुझे चार फोन आले, ते मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर मला रडू आलं असतं, आणि लीगच्या अध्यक्षासमोर तळाच्या संघाची सेक्रेटरी रडली हे बरं दिसलं नसतं. (तळाच्या म्हणायची सवय जात नाही. आता आम्ही तळाला नाही. तेच तर दुखणं आहे.)

नवे खेळाडू निवडताना पहिली निवड तळाच्या संघाला, हा तुझा नियम. दुबळ्याला बळ मिळावं आणि दहाही संघ हळूहळू एका पातळीवर यावेत, म्हणून. तू तो का केलास हे तुझ्या समितीला माहीत नसेल, मला आहे. गल्लीत दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडायचे आणि शेवटी भिंतीपाशी तू एकटा उरायचास, एक मोजा घोट्यावर घसरलेला. मग कोणीतरी उपकार केल्यासारखं म्हणायचं, "बरं, हा कच्चं लिंबू." त्या कच्च्या लिंबाने मोठेपणी नियम केला की जो शेवटी उरेल त्याने सगळ्यांत आधी निवडायचं. मसुदा टाइप करून पाठवला होतास तेव्हा माझे डोळे भरून आले होते. पण बाळा, एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. भिंतीपाशी उभं राहिल्यावर खाऊ मिळतो म्हटलं की भिंतीपाशी रांग लागते. नऊ वर्षं झाली. वरचे दोन संघ वरच आहेत आणि खाली मात्र शेवटच्या नंबरासाठी मारामारी.

यंदा निवडीला तो पोरगा आहे ना, सहा फूट अकरा इंच, आमच्या दारातून आत येताना पायाच पडतोय असं वाटावं इतका वाकणारा, तो आमच्या मालकांना हवा होता. (मालक पाण्याच्या टाक्या बनवतात. उंच वस्तूंवर त्यांचा विश्वास आहे.) तो खेळतो रिंगखाली, म्हणजे आमच्या खांबाच्या जागी. खांब म्हणजे आमचा कप्तान. अकरा वर्षं रिंगखाली एकाच जागी उभा, म्हणून हे नाव. वय छत्तीस, आणि जिना चढताना गुडघे असे वाजतात की मला खुर्चीतून कळतं कोण आलं. मालकांनी मला आधीच एक यादी टाइप करायला लावली, "करारमुक्त खेळाडूंची यादी". तिच्यात नाव एकच. एका नावाला यादी म्हणायचं का, असं मी विचारलं. "मॅडम, तुम्ही टाइप करा," म्हणाले. पहिली निवड मिळाली तर ती तुझ्याकडे पाठवायची, नाही मिळाली तर फाडायची.

आता शनिवारचं ऐक. आम्ही आणि ते नदीपलीकडचे, दोघांच्याही सतरा सामन्यांत दोनच विजय, आणि शेवटचा सामना एकमेकांशी. हरेल तो दहावा, दहावा तो भाग्यवान. आमची पोरं वर्षभर जीव तोडून खेळली आणि व्यवस्थित हरली. त्यांनी शनिवारीही नेहमीसारखा प्रामाणिक प्रयत्न केला असता तर आम्ही आरामात हरलो असतो. पण मास्तरांना (आमच्या प्रशिक्षकांना) योजना सुचली. बरे खेळाडू दुखापतीच्या नावाखाली घरी, आणि ज्यांनी वर्षभर फक्त पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या ते मैदानात. त्यांनी मला सात नावं लिहून दिली. "नियमाने आठ लागतात. आठवं कुठलंही टाका, मॅडम," म्हणाले, "फक्त खांब नको. त्याला मुद्दाम हर म्हणून सांगायची माझी छाती नाही."

माझ्या बोटांनी घात केला. अकरा वर्षं प्रत्येक यादीत त्याचं नाव टाइप केलेलं, बोटं आपोआप तिकडे वळली. मास्तरांनी न वाचता सही केली. यादीत नाव दिसल्यावर खांब आपला इस्त्री केलेला गणवेश घालून हजर. मास्तरांनी माझ्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही.

सामना सुरू झाला आणि मास्तरांचं गणित पहिल्याच मिनिटाला बोंबललं. ज्यांना वर्षभर कोणी मैदानात सोडलं नाही, त्यांना हरायला तरी कुठे शिकवलं होतं? एकाची बायको शेजारपाजारच्या नऊ जणींना घेऊन आली होती. तिच्यासमोर तो बिचारा मुद्दाम हरेल? तो चित्त्यासारखा धावला. बरं, पलीकडच्यांनीही हीच अक्कल लढवलेली, त्यांचेही बाटलीवालेच. त्यामुळे दोन्ही बाजूंनी दहा उपाशी माणसं ताटावर बसावीत तशी खेळत होती आणि दोन प्रशिक्षक कडेला उभे राहून आपापल्या पोरांना, "अरे, टाकतोस काय गाढवा!" म्हणून ओरडत होते. पलीकडच्यांनी बास्केट केली की त्यांचा प्रशिक्षक कपाळाला हात लावायचा, आमच्यांनी केली की आमचे मास्तर. पहिल्या रांगेत तो सहा फूट अकरा इंच बिस्किटं खात बसला होता. कोण आपल्याला जास्त मागतंय हे बघायला आला असेल. मला त्याचीही दया आली.

खरं सांगू, एवढा सुंदर सामना मी आपल्या हॉलमध्ये कधी पाहिला नव्हता. शाळेत सिस्टर मध्यंतराला गुण बघायच्या, आणि एक बाजू फार पुढे असली तर दोन्हीकडच्या दोन-दोन मुलींची अदलाबदल करायच्या. आम्ही चिडायचो. आज मला त्यातला एकही निकाल आठवत नाही, फक्त घाम आणि हसू आठवतं. शनिवारी तसं होतं. गुणफलक कधी इकडे झुकायचा, कधी तिकडे. तुला हवा होता तो समतोल हाच असावा, फक्त तो हरण्याच्या शर्यतीत सापडला.

शेवटच्या पाच मिनिटांत मास्तरांनी हुकूम सोडला, "धरा, ढकला, फाउल करा!" म्हणजे पलीकडच्यांना फ्री थ्रो मिळतील आणि ते पुढे जातील. ते कसले जातात! त्यांच्या प्रशिक्षकाने डोळे वटारले आणि त्यांच्या पोरांनी फ्री थ्रो छताकडे मारले. एक तर दिव्याला लागला. यात आमच्या तिघांचे पाच-पाच फाउल झाले आणि तिघे बाहेर. आठातले उरले पाच, पाचवा खांब. मास्तर पंचांना म्हणाले, "आम्ही चौघेच खेळतो, आमची तक्रार नाही." पंच म्हणाले, "बसलाय ना तो? उठवा."

दोन सेकंद उरले होते, गुण सारखे. चेंडू कसा कोण जाणे खांबाच्या हातात आला. समोरचा गडी पाहुण्याला वाट द्यावी तसा बाजूला झाला. खांबाने वर पाहिलं, उडी मारली नाही (ते आता होतच नाही), नुसते हात लांब केले आणि चेंडू रिंगमध्ये ठेवला. शिट्टी झाली. नदीपलीकडचे हरले म्हणून एकमेकांच्या गळ्यात पडले. आमचे मास्तर ऑफिसातल्या बाकावर तोंडावर टॉवेल घेऊन आडवे झाले ते रविवारीच उठले. मालकांचा फोन आला. "मॅडम, अभिनंदन," एवढंच म्हणाले, आणि ठेवला.

तर आम्ही नववे. पोरगा नदीपलीकडे गेला. मालक म्हणतात संघ विकतो, मास्तर म्हणतात शेती करतो (त्यांना शेत नाही), आणि बाटलीवाले मात्र हॉलमध्ये मान वर करून फिरतात, त्यांच्याकडे पाहवत नाही. नियम बदल किंवा बदलू नकोस, मला आता कशातच राम दिसत नाही. कंबरेला शेक घे. वहिनीला माझी आठवण सांग.

तुझी थोरली

ता.क. माझ्या बोटांचा काही दोष नव्हता. त्याचं नाव मी डोळे उघडे ठेवून टाइप केलं, आणि सहीच्या वेळी मास्तरांसमोर चहा ठेवला. जिंकू असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की शेवटचा सामना असेल तर त्याने तो गणवेशात बघावा.

आणखी एक ता.क. सोबत छोटं पाकीट आहे ते उघडण्याआधी हे वाच. फाडायची म्हणून ती एका नावाची यादी मी सोमवारी टेबलावर काढून ठेवली आणि कात्री आणायला उठले. (सरळ फाडली असती तर! पण आम्हाला कागद नीट कापायला शिकवलेलं ना.) तेवढ्यात खांब आत आला. त्याने वाचली. मला म्हणाला, "ताई, मग मी मध्ये तडमडलो म्हणा की." मी म्हटलं, "अरे, तू वाचलास." तर म्हणतो, "यंदा वाचलो. पुढच्या वर्षी तुम्हालाच परत टाइप करावं लागेल. त्यापेक्षा माझं निवृत्तीचं पत्र आत्ताच लिहून द्या." मी नाही म्हटलं, तर स्वतःच माझ्या मशीनवर बसला आणि दोन बोटांनी चार ओळी टाइप करायला त्याने पाऊण तास घेतला. मी समोर बसून होते. ते पत्र त्या पाकिटात आहे. तीस तारखेपर्यंत असं पत्र तुझ्या ऑफिसात पोचलं नाही तर करार आपोआप एक वर्ष वाढतो, हाही तुझाच नियम. पाठवते असं मी त्याला वचन दिलं होतं. पाठवलं. तू लहानपणी प्रगतिपुस्तकं किती सफाईने गहाळ करायचास! एवढं एक कर. नऊ वर्षांत मी तुझ्याकडे आमच्या संघासाठी काही मागितलं नाही, आणि हेही संघासाठी नाही. इथे बाकी सगळे मला मॅडम म्हणतात.