टेम्पोच्या पाठीवरचा बैल

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वही जूनमध्ये घेतली. रोज लिहायचं ठरवून! आजवर तिच्यात नंबरप्लेटांची मापं आणि एका झोपलेल्या कुत्र्याचं चित्र, बास. उद्या-उद्या करत पाच महिने गेले. आज लिहितोय, कारण आज असं काम आलंय की कुणाला सांगायची सोय नाही. वहीला सांगतो.

कुसगावला सरदारचाचांच्या शेडमध्ये तीन महिने टिकलोय. माझ्या मानाने पुष्कळ. चाचा गाड्यांचे पत्रे ठोकतात, अक्षरं आणि चित्रं मी काढतो. आज महिपतीभाऊ आले. मळवलीकडचे, दुधाचा टेम्पो आहे. मागच्या फाळक्यावर चित्र पाहिजे. मी म्हटलं, गरुड काढू? मोर?

"बैल काड. जू काड, अन् एकच बैल. दुसरी बाजू मोकळी."

गोष्ट अशी – त्यांचा धाकटा भाऊ जानू. दोघांची खिलार जोडी, घाटात पळायची. इकडे घाट म्हणजे बैलगाड्यांची धावपट्टी. चार वर्षांपूर्वी ऐन शर्यतीच्या आदल्या दिवशी भांडण झालं आणि जानू आपला बैल सोडून घेऊन गेला. मग वाटणी. तेव्हापासून शब्द नाही. जानू मळवली स्टेशनाला रिक्षा चालवतो, म्हणजे रोज त्याच रस्त्याला यांच्या मागे-पुढे.

"नाव नगो. अक्षर बी नगो. पन जान्यानं मागनं बगितलं की कळलं पायजे, जू कुनी टाकलं!"

"सरळ लिहू की."

"येडा का काय! घरात पोरीचं लगीन हाय तीस तारखंला. भावाला शिव्या लिवल्या म्हंतील लोक."

लग्नाला भावाला बोलावलंय का, हे मी विचारलं नाही. चाचांनी विचारलं. भाऊ फाळक्याचं माप सांगायला लागले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बारावीत मराठीच्या बाई रूपककथा शिकवायच्या. (परीक्षेपर्यंत मी थांबलो नाही, मनालीला गेलो. तो वेगळा विषय.) बाई म्हणायच्या, गोष्टीच्या पोटात गोष्ट असते. वरची सगळ्यांना, आतली ज्याची त्याला. मला वाटायचं, मग सरळ का सांगत नाहीत? वाघ, कोल्हा, राजा – कशाला एवढ्यांना कामाला लावायचं!

आता थोडं कळतंय. सरळ बोललं की समोरचा भांडतो. आडून बोललं तर भांडायच्या आधी त्याला कबूल करावं लागतं, हे मलाच होतं म्हणून. लेकी बोले सुने लागे! बाईंनी एवढंच सांगितलं असतं तर मी परीक्षेपर्यंत थांबलो असतो.

चित्र पहिल्यांदा पाठमोरं काढलं. चाचा आले, बघितलं. "फाळक्यावर शेपटी? मागच्या गाडीवाल्यानं काय घोडं मारलंय?" खरंच. पुसलं. बैल समोरून काढला – तोंड, शिंगं, कपाळाला गोंडा. महिपतीभाऊ म्हणाले होते, माझा वजीर उजव्या अंगाला. उजवीकडे काढला. डावीकडे मोकळं जू, त्याच्यापुढे नुसता रस्ता. डोळे बरे जमलेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रंग वाळला. महिपतीभाऊ घाईत होते. मागे ओझरतं बघितलं, "झ्याक" म्हणाले, पुढे बसले, गेले.

२३ नोव्हेंबर, रविवार

डिझेलचे डबे आणायला चाचांनी पाठवलं, मी भाज्याच्या लेण्यांत पोचलो. तिथे एका विहाराच्या दाराशी रथातला माणूस कोरलाय. रथाखाली कुणीतरी भलंमोठं तुडवलं जातंय. एक गाइड पाहुण्यांना सांगत होता, हा सूर्य, तो अंधार. मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "सूर्य कुटला! येका राजाची गोष्ट हाय ती." दोघांची चांगलीच जुंपली. कोरणाऱ्याला विचारायची सोय नाही. तो छिन्नी ठेवून गेला, अर्थ तिथेच राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हवाली.

ताक प्यालो. डबे विसरलो. चाचा बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

महिपतीभाऊंची मुलगी आली, प्रेरणा. तिचंच लग्न. स्कूटी उभी केली आणि हसतच सुटली.

"दादा, बैल कुणाचा काढलाय तुम्ही?"

"तुमच्या आबांचा. वजीर. उजवीकडे."

"उजवीकडे तुमच्या! बैल आपल्याकडे बघतोय ना? मग त्याचं उजवं अंग कुठे आलं?"

मी हात वर करून, अंग वळवून बघितलं. डावीकडे आलं! म्हणजे मोकळी जागा वजीरची. आणि उभा आहे तो पाखऱ्या, जानूकाकांचा. दोन्ही बैल पांढरेशुभ्र, जुळ्यांसारखे. माझ्यासारख्याला फरक कळणार नाही. पण इथे शेंबड्या पोराला माहीत, कुठला बैल कुठल्या अंगाला पळायचा. जू टाकून गेला तो थोरला भाऊ – असं सांगत महिपतीभाऊ चार दिवस मावळभर फिरतायत!

मी म्हटलं, आणा टेम्पो, दुरुस्त करतो.

"अजिबात नाही! आबांना सांगूही नका." मग म्हणाली, "मला गाडी चालवायला काकांनी शिकवलं. आणि हळदीला नाचणार कोण? आबा तर मांडवाची मेढ असल्यासारखे उभे राहतात. काका आले नाहीत ना, तर माझं लग्न म्हणजे नुसतं जेवण."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

महिपतीभाऊंना सांगावं का? सांगितलं नाही. एका शाळेच्या बसवर 'सावकाश चालवा' लिहिलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

प्रेरणाचा फोन. काल मळवलीच्या फाटकाला टेम्पो थांबला आणि बरोबर मागे जानूकाकांची रिक्षा. दहा मिनिटं फाटक बंद. काकांनी इंजिन बंद केलं. फाटक उघडलं, टेम्पो गेला, मागचे हॉर्न मारून मारून दमले, रिक्षा हलेना. एक जण उतरून ओरडला, "ओ भाऊ, झोपला का काय?" तर काका म्हणे डोळे पुसत होते. हे तिला भाजीवालीनं सांगितलं. भाजीवाल्या वाढवून सांगतात.

चाचांना सगळं सांगून टाकलं. ते पत्रा ठोकत राहिले. मग म्हणाले, "मालक पुडं बसतो, बेटा. चित्र मागच्या माणसाचं."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फुटलं! आज डेअरीवर कुणीतरी महिपतीभाऊंच्या पाठीवर थाप मारली: "लय मोटं मन केलंस गड्या. थोरल्यानं चूक कबूल करायची म्हंजी सोपं न्हाई." त्यांना कळेना. मग टेम्पोमागे गेले, नीट बघितलं, आणि तसेच कॅन घेऊन इकडे.

"मला माफी मागाय लावलीस! माज्या खर्चानं! माज्याच गाडीवर!"

मी म्हटलं, भाऊ, नुसता बैल आहे. तुमचं नाव कुठंय?

"त्येच तर! नाव असतं तर म्हनलो असतो, खोटं हाय. आता कुनाला काय सांगू? मला भावाला टोचायचं हुतं, ह्यो पेंटर चुकला – असं सांगत फिरू?"

आडून बोलायची सोय करून दिली ती मीच. पण आडून बोललेलं मागे घेताना आधी उघड बोलावं लागतं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

"उद्या सकाळी पूस. समदं. नुस्ता पांडरा पत्रा ठेव."

चाचांनी चहा मागवला. भाऊंनी अर्धा सोडला. जाताना बोलले, बोलले म्हणजे टेम्पोलाच: "फाटकात रडला म्हनत्यात. लहानपनीबी तसाच हुता. कशानंबी रडायचा."

पण पुसायचं कायम.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

महिपतीभाऊ सातलाच हजर. मी बोळा थिनरमध्ये बुडवला, त्यांनी तो हिसकावून घेतला – मीच पुसतो. फाळक्यासमोर उभे राहिले. बोळ्याऐवजी बोटानं बैलाच्या गोंड्यावरची धूळ तेवढी काढली.

आत्ता शेडसमोर रिक्षा थांबलीये. जानू! चार वर्षांत भावाच्या सावलीला न आलेला माणूस. पायातल्या चपला बाहेरच काढून आत आला, म्हणाला, "दादा, येवडं चारचौघात कशाला? मला घरी येऊन सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

मी डब्यांच्या आडून लिहितोय. महिपतीभाऊंनी बोळा धरलेला हात तेवढा पाठीमागे नेलाय. थिनर ठिबकतंय.