चौतिसावं मत

२८ ऑगस्ट, गुरुवार

रॉय आला होता. आन्ते म्हणायचं — आन्ते! तेहतीस वर्षं रॉय म्हणून हाक मारली, आता जीभ वळता वळत नाही. पाच वर्षांपूर्वी त्याने आपल्या पणजोबांचं नाव घेतलं, कागदोपत्री. "रॉय कुठून काढलंस गं आई? कुठल्या अमेरिकन पिक्चरमधून?" मला काय माहीत! तेव्हा या फ्योर्डमध्ये, डोंगरांमधल्या या खाडीकाठी, निम्मी पोरं रॉय आणि निम्मी फ्रँक. आपल्यातलं, सामी नाव नको, एवढंच आम्हाला कळत होतं.

यंदा तो सामी संसदेला उभा आहे, नॉर्वेच्या उत्तरेतल्या मूळच्या लोकांच्या त्या वेगळ्या संसदेला. 'फ्योर्डकर' म्हणून नवी यादी काढलीय त्याने आणि त्याच्या दोस्तांनी. पहिलं नाव याचं. आज टेबलावर वही उघडून बसला. आपल्या पालिकेतली पक्की मतं, नावानिशी. चौतीस. त्यात माझ्या ताईचंही, आणि शेवटचं नाव माझं. सगळ्यांपुढे पेनने खूण केलेली, माझ्यापुढे पेन्सिलने. पेन संपलं असेल.

मी कॉफी ओतत होते. कप भरला, बशी भरली, टेबलावर आली. "अगं आई, लक्ष कुठाय तुझं?"

२९ ऑगस्ट

लिहूनच टाकते. इथे कोण वाचायला येतंय!

माझं मत नाहीच आहे. सामी संसदेला मत द्यायचं तर नुसतं इथे जन्मून भागत नाही. त्या मतदारांची यादी वेगळी, तिच्यात आपण होऊन नाव घालावं लागतं. फॉर्म भरायचा, मी स्वतःला सामी मानते असं लिहायचं, घरात सामी भाषा कोण बोलायचं ते सांगायचं आणि खाली सही. मुदत तीस जून. मार्चमध्ये पोराने फॉर्म आणून हातात दिला. मेमध्ये विचारलं, "पाठवलास ना?" मी म्हटलं, "हो रे बाबा, कधीच!"

फॉर्म विणकामाच्या ड्रॉवरमध्ये आहे. सगळा भरलाय. सही नाही.

५ सप्टेंबर

'घरात ही भाषा कोण बोलत असे' — त्या रकान्यात मी बाबांचं नाव लिहिलंय. तिथे हात थांबला नाही. सहीपाशी थांबला.

सात वर्षांची होते. घर बोटीने दोन तासांवर, म्हणून आम्हा दोघी बहिणींना इथल्या वसतिशाळेत ठेवलेलं. शाळेत ती भाषा बोललं की जेवण बंद. ऑक्टोबरमध्ये एक दिवस बाबा आले. डब्यात उकडलेला कॉड मासा, वर त्याचं काळीज, कारण मला ते आवडायचं. पायात ते रेनडिअरच्या कातड्याचे टोकाला वळलेले बूट. फाटकाशी उभे राहिले आणि आमच्या भाषेत माझ्या नावाने हाक मारली. मुली फिदीफिदी हसायला लागल्या. "तुझा बाप का गं तो?"

"नाही बाई! कोण की!" मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं.

बाबांना नॉर्वेजियन फार येत नव्हतं. पण एवढं येत होतं.

ताई धावत गेली आणि डबा घेतला. दहा वर्षांची होती. त्यानंतर बाबा आमच्याशी कधी आपल्या भाषेत बोलले नाहीत. मोडकंतोडकं नॉर्वेजियन बोलायचे, चुकायचे, आम्ही हसायचो. मरेपर्यंत तसंच.

आता एकोणसाठ वर्षांनी सही करून काय सांगू, तो माझा बाप होता म्हणून? कुठल्या तोंडाने?

७ सप्टेंबर

"उद्या दहाला न्यायला येतो, आई." पायाला लागलंय म्हणून सांगावं का? नको. ताप आलाय म्हणावं? नको. किती खोटं बोलशील, ओडनी!

८ सप्टेंबर, सोमवार

मतदान झालं.

केंद्र त्याच शाळेत. आता तिचं सभागृह केलंय, पण फाटक तेच. आज देशाच्या संसदेचंही मतदान होतं, म्हणून मला वाटलं होतं निभावेल. आत जायचं, त्या एका निवडणुकीचं मत द्यायचं, बाहेर यायचं. कोणाला काय कळतंय!

पण आन्ते दारातच उभा राहिला. उमेदवाराला आत घुटमळता येत नाही, पण दारातून टेबल सरळ दिसतं. टेबलावर ताई! वीस वर्षं ती तिथे बसते, याद्या पुढ्यात घेऊन, हातात पट्टी आणि पेन्सिल. माझ्या ध्यानातच नव्हतं. पडद्याआड मी दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या. दुसरी त्याच्या यादीची, वर त्याचं नाव छापलेलं. वेड्यासारखं वाटलं, घेतीलसुद्धा! कुठे चुकून माझं नाव असेलसुद्धा!

ताईने पहिल्या यादीत नाव शोधलं, खूण केली, चिठ्ठीवर शिक्का मारला. मग दुसरी यादी घेतली. पट्टी खाली सरकत गेली, थांबली, पुन्हा वरून सरकली. मग ताईने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या बांगडीकडे बघत राहिले.

तिने पेन्सिल नुसतीच हवेत हलवली, खूण केल्यासारखी. माझ्या हातातली दुसरी चिठ्ठी घेतली आणि उठून, दाराकडे पाठ करून, यादीच्या खाली सरकवली. "झालं! चला, पुढचे या!"

बाहेर आल्यावर पोराने मिठी मारली. "थँक्यू, आई." मेल्यासारखं झालं मला.

९ सप्टेंबर

गेली. जागा गेली.

माझ्याच टेबलावर लॅपटॉप उघडला होता. शेजारची एडेल केक घेऊन आलेली. उभ्या रांगेत पक्ष, आडव्या रांगेत मतदारसंघ, आणि त्या भाऊगर्दीत आमची एक ओळ. शेवटची जागा तीन मतांनी हुकली. तीन! सबंध किनाऱ्यावर! केक तसाच.

मग आन्तेने आपल्या पालिकेचा आकडा काढला. फ्योर्डकर — तेहतीस.

त्याने वही काढली नाही. माझ्याकडे बघितलं. अगदी हळू विचारलं, "आई, चौतिसावं मत कुणाचं गेलं असेल गं?"

आणि मी — हात झडो माझा हे लिहिताना — मी म्हटलं, "तुझ्या मावशीचं असेल. तिला हे सगळं कधी पटलंय?"

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "असेल."

११ सप्टेंबर

तीन मतं हुकली, माझं एकच. एकटीने काही झालं नसतं. पण प्रत्येक फ्योर्डमध्ये अशी एखादी असेलच ना, ड्रॉवरमध्ये फॉर्म ठेवून बसलेली?

१५ सप्टेंबर

एडेलच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुकानात दुधाच्या कपाटापाशी ताई उभी होती आणि माशांच्या धक्क्यावरचा तो फ्रँक मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "बोर्गिल्डबाई, भाच्याला पाडून झोप लागते ना बरी?" चार माणसं हसली. ताईने दूध घेतलं. "झोप लागते रे, तुझं घोरणं ऐकू येत नाही तोवर." आणि गेली.

मी बटाट्यांच्या मागे उभी होते. तिथेच उभी राहिले. पुन्हा!

१८ सप्टेंबर

ताईच्या दारात आन्तेची गाडी. सरपण उतरवून देत होता. तिच्यावर रागावला नाही? मला कळेना. परत जाताना माझ्याकडे आला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

गेले शेवटी. ताई बटाट्याच्या पोळ्या भाजत होती. बस म्हणाली नाही, पण कप काढला.

"ताई, एडेलसमोर मी जे बोलले —"

"कळलं मला. अख्ख्या फ्योर्डला कळलं."

"मग तू गप्प का बसलीस? सांगायचं, मी दिलंय मत म्हणून!"

"कुणाला सांगू? फ्रँकला?" तिने पोळी उलटली. "माझं नाव एकोणनव्वदपासून आहे त्या यादीत. पहिल्याच वर्षी घातलं. एकदाही चुकवलं नाही."

मला वाटलं होतं, भाच्याखातर यंदाच घातलं असेल. हीच ती, जी आन्तेला चिडवायची, "काय रे सामी महाराज, रेनडिअर कुठे बांधून आलात?"

"कधी बोलली नाहीस ताई!"

"मत देते, त्याचा काय ढोल वाजवू?" मग चूल बंद केली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "ओडनी, तू सात वर्षांची होतीस. बाबा तेव्हाच मला म्हणाले होते, फाटकाशीच. ती लहान आहे, तिला रागावू नकोस."

मी रडले. ओक्साबोक्शी, पोरीसारखी. ताईने रडू दिलं. मग ड्रॉवरमधून ती चिठ्ठी काढली — घडी घातलेली, शिक्का नसलेली, वर आन्तेचं नाव. "ही तुझी. माझ्याकडे कशाला? आणि त्याला तू सांगायचंस. मी नाही. त्या वेळी डबा घेतला, आता नाही घेणार."

निघताना चार पोळ्या कागदात बांधून दिल्या.

२७ सप्टेंबर

चिठ्ठी या वहीत ठेवलीय. फॉर्मवर सही केली. चार वर्षांनी उपयोगी पडेल, मी असले तर. नाव बाबांच्या नावाखालीच आलं.

आन्तेला फोन केला. हिवाळ्यात गाडीला लावायच्या बर्फाच्या टायरांबद्दल बोललो.

३ ऑक्टोबर

टायर बदलायला आला होता. अंगणातच सांगितलं. फॉर्म, चिठ्ठी, ताईवर ढकललं ते. फाटकाशी बाबा उभे होते तेही.

त्याने हातातला पाना खाली ठेवला नाही. शेवटचा नट आवळला. मग म्हणाला, "माहीत आहे, आई. मतदारांची यादी जुलैमध्येच आली होती आमच्या हातात. सगळ्यात आधी तुझंच नाव शोधलं. म्हणून तर तुझ्यापुढे पेन्सिलने खूण."