धामणीची जागा

॥ श्री ॥

चौसाळा,
आश्विन वद्य तृतीया
(तुमच्या कॅलेंडरात ९ ऑक्टोबर)

चि. अपेक्षा हिला अप्पाचे शिवाशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस. कागद वाजत नाही, तेव्हा त्याला तरी घरात घेशील.

पहिली बाब गंभीर आहे. माझी चंदनाची साबणवडी सलग चौथ्यांदा चोरीला गेली. न्हाणीच्या कोनाड्यापासून दुकानाच्या गोदामापर्यंत तिचा भुगा सांडलेला असतो. ज्वारी, हरभरा, सोयाबीन एवढं समोर मांडलेलं असताना मूषकसमाज साबण का भक्षितो, याचा खुलासा तुमच्या प्राणिशास्त्राने करावा. आईचं म्हणणं, "तुमचाच खातेत. माझ्या वडीला तोंड बी लावत न्हाईत." तिला यात आनंद आहे, हे मी नोंदवून ठेवतो.

आई बरी आहे. पायांचं म्हणशील तर, ते नंतर.

उंदीर कुठून आले हे तू विचारणार नाहीस, कारण ते तू मे महिन्यातच सांगून लातूरला गेलीस. उमापूरची मंडळी तुला पाहायला येणार म्हणून मी सापवाल्या गहिनीनाथला बोलावलं आणि हरभऱ्याच्या थप्पीमागची धामण काढायला सांगितली. अकरा वर्षं ती तिथे होती. गहिनीनाथ म्हणाला, "अप्पा, कावून काढता? इखारी न्हाई, लई गरीब हाय." आई म्हणाली, "असू द्या की, आपल्या दुकानातलंच माणूस हाय ते." मी म्हणालो, पाहुण्यांना काय सांगू, ही आमची थोरली?

तू एवढंच म्हणालीस, "तिची जागा रिकामी राहणार नाही, अप्पा." त्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो की बाईंनी आज भाषण न देता साडी नेसावी. तू नेसलीस. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेलीस. आठवड्याने उमापूरचा नकार आला. स्थळही गेलं, धामणही गेली. उपयुक्ततेच्या दृष्टीने धामणीचं नुकसान मोठं.

जूनमध्ये दोन उंदीर दिसत. पोळ्यापर्यंत मोजणं सोडलं. मग मी विद्वत्ता दाखवली आणि औषध ठेवलं. बरेच मेले. त्यातला एक पेंगत चाललेला आपल्या पिंगळी मांजरीने धरला, आणि तीही गल्ल्याखाली मरून पडली. महिन्याभरात उंदीर पहिल्याइतके झाले. मांजर मात्र झालं नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. मारणारे हळू वाढतात, मरणारे भराभर. हे तू वर्गात पोरांना फळ्यावर रेघा काढून शिकवतेस म्हणे. मी साबण खर्च करून शिकलो.

गेल्या गुरुवारी थप्पीमागे कात सापडली. मला वाटलं, धामण परत आली. सांगायला लाज नाही, मी आईला हाक मारली, "आली गं!" गहिनीनाथने कात उजेडात धरली. "अप्पा, ही धामणीची न्हाई. नाग हाय. उंदरावर आलाय."

दोन दिवस पोती हलवली. सापडला नाही. उंदीर आहेत तोवर तो कशाला जाईल? दुकानात माल असताना मी तरी तीस वर्षांत कुठे गेलो? गहिनीनाथला म्हणालो, तू डोंगरात सोडलेली आमची धामण परत आण. तो हसला. "ती काय माहेरी गेलीया व्हय अप्पा, सांगावा धाडला की यायला?"

आता पायांचं.

मार्चमध्ये बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, शुगरमुळे आईच्या पावलांची जाणीव गेली आहे. तुझं स्थळ जमेपर्यंत तुला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. आईने नव्हे, मी. पुढे तू फोन उचलेनास, आणि मला ते सोयीचंच झालं.

परवा सकाळी तिच्या अंगठ्याला फडकं दिसलं. "सुतळी लागली असंल," म्हणाली. मी सोडून पाहिलं. दातांच्या खुणा होत्या, उंदराच्या. बीडला नेऊन इंजेक्शन देऊन आणलं. उंदराने कधी कुरतडलं, तिला ठाऊक नाही.

आणि ती अजून रोज सकाळी गोदाम अनवाणी झाडते. धान्यात चप्पल घालून जायचं नाही, हा तिच्या माहेरचा नेम. मी हात जोडले, रागावलो, कुलूप लावलं. तिने दुसऱ्या किल्लीने उघडलं. चप्पल घाल म्हटलेलं ती फक्त तुझं ऐकेल.

उंदराचं कळलं नाही, तसं नागाचंही कळणार नाही. तिला नाही, आणि वेळेवर मलाही नाही. मी रोज सकाळी गल्ल्यावर बसून तिच्या झाडूचा आवाज ऐकत असतो. तो थांबला की उठतो.

अपेक्षा, चूक माझी होती. मला फार भीती वाटते. ये.

तुझा अप्पा
विरुपाक्ष

(शेवटी श्लोक लिहायची माझी खोड तुला ठाऊक आहे. आज एकही आठवला नाही.)