ताटातलं पाणी

७ मार्च १९८३, लातूर

आज परत उपाशी. म्हणजे इडली खाल्ली. इडलीला जेवण म्हणायचं असेल तर जेवले!

नांदेडहून बदली झाली तेव्हा सगळे म्हणाले, नवा जिल्हा, नवं ऑफिस, नशीब काढलं पोरीनं. नशीब कसलं! फॉर्म अजून उस्मानाबादचेच छापलेले. दिवसभर 'उस्मानाबाद'वर फुल्या मारायच्या अन् वर 'लातूर' टाइप करायचं. संध्याकाळी बोटं ठणकतात आणि भाकरी आठवते. खोलीवर रांधावं तर नळाला चौथ्या दिवशी पाणी. आणि खरं सांगायचं तर मला भाकरी थापताच येत नाही. आई शिकव शिकव म्हणून थकली, मी पुस्तक धरून बसले. भोग आता!

१० मार्च

बसस्टँडसमोर 'शुद्ध घरगुती जेवण'. कुणाच्या घरी असं रांधतात देव जाणे. पोळी ओढली तर तुटेना. वर पोऱ्या विचारतो, "एकट्याच? मग फॅमिली रूममधी बसा." हिरव्या पडद्याआड मी आणि डास, ही फॅमिली.

पुढचं पंजाबी हॉटेल महाग, आणि आचारी निघाला औशाचा. पगडी घालून! नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगरात बसायचे, तिथली डाळ खरी. तिथं कुणी एकटी का म्हणून विचारत नाही. आडनाव तर नाहीच.

मला फार काही नको. कडक भाकरी, आंबाडीची भाजी, शेंगाची चटणी. परवडेल असं, आणि मान खाली न घालता बसता येईल असं. एवढ्या मोठ्या गावात एवढं मिळू नये?

१५ मार्च

मिळालं! ऑफिसातल्या मन्मथनं सांगितलं, गंजगोलाईच्या मागं गुरम्माची खानावळ. पाटी वाचली आणि पाय अडखळले – 'लिंगायत खानावळ'. परत फिरणार होते. तेवढ्यात आतून हाक, "बाईमाणूस उनात उभं का? ये, चुलीपाशी बस."

गुरम्मा साठीची, एकटीच. कपाळाला विभूती, दंड पैलवानासारखे. पुरुष बाहेरच्या खोलीत, मी आत. भाकरी अशी की मोडली तर आवाज यावा. आंबाडी आईच्या हातची वाटली. डोळे भरून आले, मिरचीचं निमित्त केलं.

जेवून झालं, सवयीनं ताटात पाणी घातलं, बोटानं फिरवलं अन् पिऊन टाकलं. आमच्या घरी बहात्तरच्या दुष्काळापासून असंच. आई म्हणायची, पाणी सांडाल तर हात मोडीन. गुरम्मा बघतच राहिली.

"आपल्यातलीच दिसतीस! परसादाचा कण टाकायचा न्हाई हे आताच्या पोरींना कुठं ठावं?"

माझ्या तोंडात पाणी होतं. गिळल्यावर बोलता आलं असतं. नाही बोलले.

२३ मार्च

रोज जाऊन राहिले. भाकरीवर आता न मागता तूप पडतं. मला तंगी म्हणते, म्हणजे तिच्या कानडीत धाकटी बहीण. नाव विचारलं तर शीला सांगितलं. ऑफिसात शीलाच म्हणतात, खोटं काही नाही. पण मस्टरवर पंचशीला आहे, आणि ते मन्मथनं वाचलेलं आहे.

आज जिन्यात म्हणाला, "तुम्ही सांगू नका, मी बी सांगत न्हाई. भाकरी खायची का भांडण करायचं?"

त्याला वाटलं मोठे उपकार केले. मी "हाव" म्हणाले. का म्हणाले? दिवसभर स्वतःचाच राग येत होता.

२९ मार्च

"कोणत्या मठाचे तुम्ही?" गुरम्मानं वाढता वाढता विचारलं.

"भोकरचे," मी म्हटलं.

"भोकरला कोणता मठ?"

बाहेरून भाकरी मागितली कुणीतरी, वाचले. पण उद्या सांगते. नक्की!

३० मार्च

नाही सांगितलं. दोडक्याची भाजी होती.

२ एप्रिल

भोकरहून निरोप. आई सोमवारी येतेय, खोली बघायला.

आई दारात पाय ठेवायच्या आधी जयभीम म्हणते. कंडक्टरला म्हणते, डॉक्टरला म्हणते. तिला गप्प राहा सांगायचं? माझी जीभ झडो.

४ एप्रिल

आईला उडप्याकडे नेलं. एक घास खाऊन म्हणाली, "ह्ये दवाखान्याचं जेवण. तू रोज खातीस तिथं ने." म्हटलं, बंद आहे. आईनं नुसतं पाहिलं. तिला सगळं कळतं.

५ एप्रिल

नेलं.

आईनं उंबऱ्यावरच खणखणीत "जयभीम, बाई!" केलं. गुरम्माच्या हातात पळी होती, ती तशीच राहिली. मी म्हटलं, "माझं नाव पंचशीला. आधीच सांगायला पाहिजे होतं."

गुरम्मानं दोन ताटं वाढली. तूप नाही. बाहेरच्या खोलीतलं रोजचं गिऱ्हाईक, चन्नबसप्पा मुनीम, अर्ध्या ताटावरून उठला आणि चप्पल आपटत गेला. आई शांतपणे जेवली, ताटात पाणी फिरवलं, प्याली.

"तुमच्यात बी हाय ही रीत?" गुरम्मानं विचारलं. तेवढंच.

"रीत कसली माय! पाणीच नव्हतं."

रस्त्यात आई म्हणाली, "भाकरी चांगली करती. तू उगंच घाबरून राहिली." मला भर बाजारात रडू आलं.

६ एप्रिल

आई सकाळच्या गाडीनं गेली. दुपारी खानावळीत गेले तर माझा पाट ओसरीवर, चपलांजवळ.

"चार रोज बाहेर बस तंगी," गुरम्मा माझ्याकडे न बघता म्हणाली. "लोक बोलून राहिले. मुनीम मान्सं घेऊन दुसरीकडं चालला. माझं पोट ह्याच्यावर हाय."

पाटाला पाय लावला नाही. म्हटलं, "मी आपल्यातली वाटले तेव्हाही ताटातलं पाणी हेच होतं, गुरम्मा." आणि निघाले.

७ एप्रिल

स्टोव्ह घेतला. परात घेतली. पहिली भाकरी भारताच्या नकाशासारखी, दुसरी जळाली. दोन्ही खाल्ल्या. कुठल्याही पाटीखाली आता जाणार नाही.

११ एप्रिल

राग जात नाही. त्याहून वाईट म्हणजे तिची आंबाडी आठवते. मन्मथ सांगायला आला, मुनीम गेलाच, चौघांना घेऊन. मी विचारलं होतं का?

१४ एप्रिल

मिरवणुकीहून आले, भाकरी टाकत होते. दार वाजलं. गुरम्मा! हातात काही नाही. धापा टाकत खाली बसली. "आज चूल पेटवली न्हाई. भूक लागली. वाढ."

भाकरी मधे कच्ची होती. तसं म्हणालीही. पण सगळी खाल्ली. मग ताटात पाणी घातलं, बोटानं फिरवलं आणि माझ्याकडे बघत पिऊन टाकलं.